शिकवायला येताना बिघडलेली गाडी आणा

प्रति,
माननीय मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य



मी कोल्हापुरात चारचाकी गाड्यांचं गॅरेज चालवतो. १९८९ साली दहावीचा निकाल लागल्यावर उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, तो आजतागायत याच धंद्यात आहे. आपल्याकडे आयटीआयच्या प्रवेशांचे, नव्या अभ्यासक्रमांचे, तरुणांच्या नोकऱ्यांचे अर्ज रोज येत असतील. मी लिहितोय ते जे आधीच कामाला लागलेले आहेत त्यांच्याबद्दल. चौकातल्या, एसटी स्टँडमागच्या, पेट्रोल पंपाशेजारच्या पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजवाल्यांबद्दल. त्यांचं वय आता प्रवेशाचं राहिलेलं नाही, आणि गाड्या मात्र दर तीन-चार वर्षांनी नव्याने शिकाव्या लागतात.

गेल्या महिन्यात मी एका ‘मेकॅनिक मीट’ला गेलो होतो. निमंत्रणावर तांत्रिक प्रशिक्षण असं छापलेलं होतं. हायवेवरच्या हॉटेलचा हॉल, वार बुधवार, वेळ सकाळी साडेदहा. दारात नाव, मोबाईल नंबर, गॅरेजचा पत्ता लिहून घेतला आणि एक टी-शर्ट दिला. आत पडद्यावर तासभर इंजिन ऑइलच्या डब्याचं चित्र. झाकणावरची खूण कशी ओळखायची, डब्यातलं कूपन मोबाईलवर कसं स्कॅन करायचं, किती पॉइंटला कोणती भेटवस्तू. मग प्रश्न विचारा म्हणाले. मागच्या ओळीतून एकजण उठला. वय पंचेचाळीसच्या पुढे-मागे, चंदगडकडून सकाळच्या पहिल्या गाडीने आलेला, म्हणजे दिवसभर गॅरेजचं शटर खाली. तो म्हणाला, “साहेब, बीएस सिक्सची डिझेल गाडी आहे. डीपीएफची लाइट जात नाही. स्कॅनरने रिजनरेशन दोनदा केलं, चार दिवसांत परत लागते. काय बघू?” उत्तर आलं, “तो आजचा विषय नाही. जेवण तयार आहे.”

तो खाली बसला. जेवताना मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तेव्हा त्याने वहीचं पान दाखवलं. गाडीचा नंबर, किलोमीटर, स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड, सगळं नीट लिहून आणलं होतं. पानाच्या खालचा अर्धा भाग त्याने उत्तरासाठी कोरा ठेवला होता.

मला राग येण्याचं कारण असं की ते उत्तर त्या दिवसाच्या विषयातच होतं. डिझेल जळताना होणारी काजळी डीपीएफच्या, म्हणजे धुराच्या वाटेवरच्या गाळणीच्या, जाळीत अडकते. गाडी लांब पल्ल्यावर पळाली की तिचा कॉम्प्युटर धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो, हेच रिजनरेशन. गाडी रोज घरापासून शाळेपर्यंत चार किलोमीटर आणि परत एवढीच फिरत असेल, तर हे काम अर्ध्यावर राहतं आणि लाइट लागते. पण जाळीत काजळीबरोबर राखही साठते. ती येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून. काजळी जळते, राख जळत नाही. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, आणि साधं ऑइल घालत राहिलं तर जाळी कायमची भरते. हे ज्याने सांगायचं तो माणूस पडद्याजवळ हातात डबा घेऊनच उभा होता. पुढची तपासणीही सांगता आली असती. डीपीएफच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्या चिरल्यात का बघ. टर्बोच्या पाइपातून हवा सुटते का बघ. ईजीआर व्हॉल्व्ह अडकलाय का, एखादा इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय का बघ. काजळी जास्त का होतेय हे सापडल्याशिवाय शंभर वेळा रिजनरेशन केलं तरी लाइट परत लागणारच. हे सांगायला दहा मिनिटं पुरली असती.

ही माहिती नसलेला माणूस काय करतो तेही आपल्याला सांगायला हवं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, नव्या डीपीएफची किंमत ऐकून ते हबकलेलं असतं. मग डीपीएफ खाली उतरतो, कटरने कापला जातो, आतली जाळी फोडून काढतात आणि बाहेरून परत वेल्डिंग होतं. कॉम्प्युटरमधून त्याची नोंद पुसून देणारा माणूसही मिळतो. लाइट जाते, गाडी पळते, गिऱ्हाईक खूश. १ एप्रिल २०२० पासून देशाने गाड्यांच्या धुराच्या नियमांत भारत स्टेज (बीएस) ४ वरून मधली पायरी गाळून थेट ६ वर उडी घेतली, इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं, त्यासाठी रिफायनऱ्यांनी आणि कारखान्यांनी अफाट पैसा ओतला. तो सगळा खर्च एका शेडमध्ये अर्ध्या तासात वाया जातो. आणि कटर चालवणाऱ्याला आपण गुन्हा करतोय असं वाटतही नाही. गिऱ्हाइकाची अडचण सोडवली, असंच त्याला वाटतं.

आमचं शिक्षण कानाने आणि हाताने झालं. आमचे मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि कुठल्या सिलेंडरचा आवाज आहे ते सांगायचे. कार्ब्युरेटरचा स्क्रू किती आट्या सोडायचा, पॉइंटचा गॅप किती ठेवायचा, प्यूजो इंजिनाच्या जीपचं टायमिंग कसं बांधायचं, हे सगळं त्यांच्या शेजारी उभं राहून उचललं. वही नव्हती, पुस्तक नव्हतं. दोन वर्षं नुसते पाने धुतले, मग नट खोलायला मिळाला. ती शाळा चांगलीच होती. फक्त तिची एक अट होती, की उस्तादाला येतं ते सगळं गाडीत असावं आणि गाडीत आहे ते सगळं उस्तादाला यावं. २००० च्या सुमाराला कार्ब्युरेटर जाऊन कॉम्प्युटरवर चालणारं एमपीएफआय आलं, मग डिझेलमध्ये कॉमन रेल आलं, आणि ती अट मोडली. माझ्याकडे आज जे पोरगं शिकतंय त्याला मी ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, इंजिनकाम डोळे झाकून शिकवू शकतो. पण २०२३ नंतरच्या एखाद्या गाडीचं बॉनेट उघडलं की आम्ही दोघंही विद्यार्थी असतो.

खंडेनवमीला आम्ही पाने, सॉकेट, जॅक डिझेलने धुऊन पाटावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो. गेली काही वर्षं पाटावर स्कॅनरही असतो. त्याला हार घालताना दरवर्षी मनात येतं, की याला अजून निम्माही वापरता येत नाही.

एक गाडी सांगतो. दोन वर्षांपूर्वी गारगोटीकडची एक टुरिस्ट परमिटची डिझेल गाडी टो होऊन आली. चालक तोच मालक, बँकेचा हप्ता चालू, लग्नसराईची भाडी सुटत होती. त्याच्याकडे बिलांची फाइल होती. गाडी स्टार्टर मारला की फिरायची पण उचलायची नाही. कधी उचललीच तर पिकअप नाही. स्कॅनरवर एकदम तीन-चार कोड, रेल प्रेशर सेन्सरचा, ॲक्सिलरेटर पेडलचा, बूस्ट सेन्सरचा. पहिल्या गॅरेजने रेल प्रेशर सेन्सर बदलला. दुसऱ्याने पेडल बदललं. मग एका वायरमनने अर्धं हार्नेस सोलून टेप मारून दिलं. तिसऱ्या गॅरेजने सांगितलं ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलं, पन्नास हजारांच्या वर खर्च आहे. तोपर्यंत तेवीस हजार संपले होते. फसवायचं त्यातल्या कोणाच्याही मनात नव्हतं, दोघांना तर मी चांगला ओळखतो. कोडमध्ये ज्या भागाचं नाव आलं तो भाग बदलायचा, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं.

मी बूस्ट सेन्सरचा कपलर काढला, चावी ऑन केली आणि मल्टिमीटर लावला. तिथे पाच व्होल्ट यायला हवेत. आले शून्य पूर्णांक सात. इतके सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. ईसीएम पाच व्होल्टची एक लाइन काढतो आणि तीच लाइन बऱ्याच सेन्सरना जाते. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की लाइनवरचे सगळेच उपाशी राहतात आणि सगळ्यांच्या नावाने कोड पडतात. मीटर तसाच लावून ठेवला, पोराला मीटरकडे बघत राहायला सांगितलं आणि त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढत गेलो. रेल प्रेशर काढला, शून्य सातच. पेडल काढलं, तेच. चौथा होता एसीचा गॅस प्रेशर सेन्सर, पुढच्या बंपरच्या मागे, कंडेन्सरजवळ, जिथे पावसाचं पाणी आणि चिखल थेट लागतो. कपलर ओढला तर आत हिरवा गंज. आणि मागून पोरगं ओरडलं, “काका, चार नव्याण्णव!” स्टार्टर मारला, गाडी उचलली. कोणाच्या डोक्यात तरी कसं येणार की एसीच्या सेन्सरमुळे इंजिन सुरू होत नाही? दोन हजारांच्या आतला सेन्सर. गाडीचा मालक शेडच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

हे मला माझ्या हुशारीने आलेलं नाही. त्याच्या वर्षभर आधी आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका निदेशकांनी आम्हाला तीन संध्याकाळी शिकवलं होतं. आम्ही बारा गॅरेजवाल्यांनी प्रत्येकी दीड हजार रुपये काढले. जागा आमच्यातल्याच एकाचं गॅरेज, वेळ संध्याकाळी साडेसात ते दहा. सरांनी स्वतःची जुनी गाडी आणली होती आणि तिच्यात आधीच बिघाड करून ठेवले होते. एका रिलेच्या पायाला नेलपॉलिश लावलं होतं, बाहेरून काही दिसू नये पण करंट जाऊ नये म्हणून. एका ठिकाणी वायर आतून तोडून बाहेरचं आवरण तसंच ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळी आम्ही बाराजणांनी मिळून त्या गाडीचा एकही बिघाड शोधला नाही. सगळे पाना घेऊन धावलो. सरांनी पाने काढून घेतले, वायरिंगचा आराखडा पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, करंट कुठून निघतो आणि कुठे जातो ते आधी बोटाने दाखवा. वयाची पन्नाशी गाठलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी कागदावर बोट फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्थिंग तपासायला शिकवलं. आम्ही टेस्ट लॅम्प लावायचो, पेटला की अर्थ चांगला म्हणायचो. सर म्हणाले, चालू इंजिनावर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या बॉडीला लावा, सगळे लोड चालू करा, आणि किती व्होल्ट वाटेत खाल्ले जातात ते मोजा. शून्य पूर्णांक एक-दोनच्या वर गेलं की अर्थ पट्टी काढून साफ करा. तीस वर्षांत मी जितके चांगले अल्टरनेटर आणि स्टार्टर उगाच खोलले असतील, त्यांचा हिशेब त्या रात्री मनात चालू होता. टी-शर्ट नव्हता, लकी ड्रॉ नव्हता. चहा ज्याच्या गॅरेजमध्ये बसलो त्याने पाजला.

माझी मागणी इतकीच आहे, की या तीन संध्याकाळी राज्यात सगळीकडे व्हाव्यात.

सरकारी आयटीआय राज्यात चारशेच्या वर आहेत. मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा आणि डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्यांकडे शेड आहे, इंजिनं आहेत, निदेशक आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रमोद महाजनांच्या नावाने ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. या जागांची दारं आम्हाला संध्याकाळी उघडी करा. सकाळी साडेदहाचा वर्ग हातावर पोट असलेल्या माणसाला परवडत नाही. मे महिना आणि गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस सोडले, कारण तेव्हा कोकणात जाणाऱ्या गाड्यांमुळे आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, तर वर्षभर आठवड्यातली एक संध्याकाळ आम्ही काढू शकतो. शिकवणारा मराठीत बोलणारा हवा. कोड इंग्रजीत असला तरी चालतो, आमची पोरं कोड वाचतात. तो का पडला, हे मात्र ज्या भाषेत ती विचार करतात त्या भाषेत कळायला हवं. आणि शिकवणाऱ्याने बिघडलेली गाडी आणावी. चालू गाडी दाखवून आम्हाला काही शिकता येत नाही, ती आम्ही रोज रस्त्यावर बघतो.

जिथे दिवसाचा वर्ग टाळता येणार नाही तिथे बुडालेल्या रोजाचं काहीतरी द्या. ही मागणी जगावेगळी नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये भत्ता आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. शिकायला बसलेल्या कारागिराची चूल त्या दिवशीही पेटायला हवी, हे सरकारने तिथे मान्य केलेलं आहे. त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार आहे, सुतार आहे, कुलूपवाला आहे, होड्या बांधणारा आहे. मोटार मेकॅनिक नाही. योजना केंद्राची आहे हे मला माहीत आहे, पण राज्याने आपल्यापुरतं तसं काही करायला हरकत नसावी. आम्हीही हाताने काम करणारे कारागीरच आहोत.

आता मालकांबद्दल, कारण नुसत्या कामगारांना शिकवून हे भागणार नाही. त्या टुरिस्ट गाडीवर मी चाळीस मिनिटं काम केलं. बिल करताना अडलो. सेन्सरचे पैसे लिहिले. शोधण्याचे किती लिहू? शेवटी आठशे सांगितले, त्याने हजार दिले आणि पाया पडायला लागला. मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांनी तेवीस हजार घेतले त्यांना ते पैसे भाग बदलल्याबद्दल मिळाले होते, आणि ज्याने बिघाड शोधला त्याला आपल्या कामाचा दरच माहीत नव्हता. आमच्या धंद्यात तपासायचे पैसे घ्यायची पद्धत नाही. “नुसतं बघितलंस, त्याचे कसले पैसे?” असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि आम्हीही मान डोलावतो. कमाई मग भागावरच्या कमिशनमध्ये शोधावी लागते. भाग बदलला तर पैसे, शोधत बसलो तर नुकसान. असं असेल तर कुठला शहाणा मिस्त्री मल्टिमीटर हातात घेईल?

मी नंतर वहीत हिशेब मांडला. भाडं, तीन माणसांचे पगार, वीज, स्कॅनरचं सालाचं अपडेट, चहापाणी धरून महिन्याचा खर्च एक लाख वीस हजार. तीन माणसं, सव्वीस दिवस, आठ तास, म्हणजे सहाशे चोवीस तास. पण त्यातले गिऱ्हाइकाच्या बिलावर लागलेले तास मोजले तर साडेतीनशेच भरले. बाकीचे भाग आणायला जाण्यात, वाट बघण्यात, दुसऱ्यांदा तेच काम करण्यात गेले. म्हणजे एका तासाला जवळजवळ साडेतीनशे रुपये नुसता खर्च, माझ्या घरी एक रुपयाही न्यायच्या आधी. आणि मी लावत होतो कामाला अंदाजे दोन-अडीचशे. इतकी वर्षं गॅरेज चालवून हा साधा भागाकार मी कधी केला नव्हता, कारण कोणी करायला सांगितलाच नव्हता. आता माझ्याकडे पाटी आहे, तपासणीचे पाचशे रुपये, काम इथेच केलं तरी आणि नाही केलं तरी. पहिल्या दोन महिन्यांत गिऱ्हाइकं कमी झाली. मग परत आली, आणि येताना दुसऱ्यांना घेऊन आली. मालकांच्या वर्गात हे शिकवा. एस्टिमेट कसं लिहायचं, जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवून परत कसा द्यायचा, दर कसा काढायचा. ज्या मालकाला तपासण्याचे पैसे मिळतात तोच आपल्या पोराला शिकायला सोडतो.

मालक पोराला का सोडत नाही, हेही लपवून ठेवत नाही. शिकला की जातो, ही भीती. माझ्याकडून दोघे गेले. एक शोरूममध्ये लागला. दुसऱ्याने माझ्याच रस्त्यावर, तीनशे मीटरवर गॅरेज टाकलं. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही, आणि तो माझा मूर्खपणा होता. आज ईसीएमच्या वायरिंगचं काही अडलं की तो मला फोन करतो, आणि जुन्या इंजिनाचं टायमिंग लागत नसलं की त्याच्या पोरांना मी जाऊन शिकवतो. चांगला मेकॅनिक बाजूला असला की वाईट कामाचा बोजा आपल्याकडे येत नाही, हे कळायला मला वेळ लागला. संध्याकाळच्या वर्गात शेजारशेजारचे स्पर्धक एका बाकावर बसतील, तर ही भीती तिथेच निम्मी होईल.

इलेक्ट्रिक गाड्यांचं मात्र वाट बघण्यासारखं नाही. तिथे चुकीला दुसरी संधी नसते. त्यांच्या नारिंगी केबलमध्ये तीन-चारशे व्होल्ट डीसी असतं, काही गाड्यांत त्याहून जास्त. आमचा सगळा जन्म बारा व्होल्टवर गेला. बोटाने तार चाचपायची, ठिणगी पाडून करंट बघायचा, ही सवय हाडांत मुरलेली आहे. ती सवय नारिंगी केबलवर गेली तर माणूस जाईल. हात लावायच्या आधी शिकायचं ते असं: चावी गाडीपासून लांब ठेवणं, बारा व्होल्टची बॅटरी सोडवणं, सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवणं, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबणं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. हजार व्होल्टचे हातमोजे घालायच्या आधी त्यांत हवा भरून भोक आहे का बघणं. मीटर आधी चालू बॅटरीवर तपासून मग हाय व्होल्टेजच्या टोकांना लावणं, शून्य दिसल्यावर परत चालू बॅटरीवर तपासणं, म्हणजे मीटरच मेलेला नव्हता याची खात्री. हे नुसतं वाचून येत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून दहा वेळा करून घ्यावं लागतं. जर्मनीत अशा गाडीला हात लावण्यासाठी पायरीपायरीने पात्रता मिळवावी लागते. आमच्या गल्लीत मात्र पुराच्या पाण्यात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी थेट धुवायला येते. २०१९ आणि २०२१ चा पूर आम्ही पाहिलाय. पुढच्या पुरात अशा गाड्या जास्त असतील. या एका विषयाचा वर्ग प्रत्येक तालुक्यात, फुकट आणि सक्तीचा करा. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल.

प्रमाणपत्राबद्दलही थोडं बोलतो. पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, आणि ती कल्पना मला मनापासून पटते. दहावी नापास माणसाच्या तीस वर्षांच्या कामाची सरकारने नोंद घ्यावी, याहून मोठा मान काय? पण परीक्षा खरी घ्या. बिघडलेली गाडी समोर ठेवा, तासभर द्या आणि लांबून बघा. जमलं नाही तर नापास करा, सहा महिन्यांनी परत बोलवा. अमेरिकेत १९७२ पासून मेकॅनिकांसाठी स्वतंत्र परीक्षा चालतात. सक्ती नाही, नुसतं शिक्षण पुरत नाही, कामाचा अनुभव लागतो, आणि पास झालेल्यालाही ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसावं लागतं, कारण तोवर गाड्या बदललेल्या असतात. तशी तारीख आमच्या प्रमाणपत्रावरही असावी. एका दिवसात गटाने फोटो काढून वाटलेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला मला लाज वाटते. माझ्याकडे असं एक आहे, ते मी कपाटात ठेवलंय.

शेवटचा मुद्दा आपल्या विभागाचा नाही, पण त्याशिवाय वर्ग कोरडे राहतील. सरांनी आराखडा पुढ्यात ठेवला म्हणून आम्ही शिकलो. नव्या गाड्यांचे आराखडे आम्हाला मिळत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कारकंपन्यांना दंड ठोठावला आणि सुटे भाग, तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना खुली करा असा आदेश दिला. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात वाहनक्षेत्रही आहे. या दोन्ही गोष्टींनी मला आशा वाटली होती. तरीही आज माझ्याकडे शिकणारं पोरगं आराखडा शोधताना मोबाईलवर कुठल्या तरी परक्या देशातल्या गाडीचा धूसर फोटो मोठा करून बघतं, आणि त्यातल्या तारांचे रंग आपल्या गाडीशी जुळत नाहीत. गाड्यांची राजधानी म्हणावी ते पुणे-चाकण याच राज्यात आहे. कंपन्यांना जमीन, वीज, सवलती देताना त्यांच्याशी बोलणं राज्यच करतं. त्याच टेबलावर एवढंच मागा, की विक्री बंद झालेल्या मॉडेलांचे आराखडे आयटीआयच्या ग्रंथालयात ठेवा. तिथे बसून बघू, हाताने उतरवून घेऊ.

चंदगडच्या त्या माणसाचा परवा फोन आला. मी त्याला सेन्सरच्या नळ्या बघायला सांगितलं होतं. एक नळी खालून चिरलेली निघाली, गाडी ठीक झाली. आता त्याच्याकडे दुसरी गाडी आलीय, ॲडब्लूचा, म्हणजे धूर साफ करायला वापरतात त्या द्रवाचा, कोड आहे, आणि त्यातलं मलाही पुरेसं येत नाही.

माझं गॅरेज संध्याकाळी साडेसातला बंद होतं. दोन गाड्या बाहेर काढल्या की पंधरा माणसं बसतील एवढी जागा होते. फळा आहे, दोन मल्टिमीटर आहेत, इन्व्हर्टर आहे. बिघडलेली गाडी तर कायम एक उभीच असते. आपल्या विभागाने ॲडब्लू समजावून सांगू शकेल असा एक निदेशक एका संध्याकाळसाठी पाठवला, तर चंदगडवाल्याला मुक्कामाला मी माझ्या घरी ठेवून घेईन.

आपला,
एक गॅरेजमालक,
कोल्हापूर